तुम्ही विचारलंत म्हणून: स्टिंगच्या त्या अल्बममध्ये राजकारण आहे तरी कुठे?

इंग्लिश गायक स्टिंगचा 'नथिंग लाइक द सन' हा अल्बम ऐका म्हणून कुणाला सुचवलं की थोड्या दिवसांनी हा प्रश्न येतोच. गाणी गोड आहेत, सॅक्सोफोन झकास आहे, पण याला राजकीय का म्हणायचं? प्रश्न रास्त आहे. बहुतेक जण 'इंग्लिशमन इन न्यू यॉर्क' आणि 'फ्रॅजाइल' एवढी दोनच गाणी ऐकतात, तीही इतर गायकांच्या गाण्यांत मिसळून आणि फोनच्या स्पीकरवर.

तर आधी शफल बंद करा. ऑक्टोबर 1987 मध्ये हा अल्बम आला तेव्हा त्यातली 12 गाणी, म्हणजे जवळजवळ 55 मिनिटं, एका तबकडीवर नीट मावणारी नव्हती. दोन तबकड्या, चार बाजू, प्रत्येक बाजूला तीन गाणी अशी मांडणी झाली. तुमच्या प्रश्नाचं उत्तर दुसऱ्या बाजूवर आहे, म्हणजे आजच्या यादीतली 4, 5 आणि 6 क्रमांकाची गाणी. ती याच क्रमाने आणि इयरफोन लावून ऐका. बास गिटारची सर्वांत खालची उघडी तार साधारण 41 हर्ट्झवर बोलते. फोनच्या इवल्याशा स्पीकरमधून ते ऐकूच येत नाही, आणि स्टिंग मुळात बास वाजवणारा आहे. खालचा मजला उडाला की वर नुसता गोडवा उरतो.

पाचवं गाणं 'दे डान्स अलोन'. यासाठी दक्षिण अमेरिकेतला चिली देश थोडा माहीत हवा. क्वेका हे तिथलं जोडीचं नृत्य. स्त्री आणि पुरुष हातात रुमाल घेऊन एकमेकांभोवती फिरतात. ताल सहा मात्रांचा, पण त्या सहा कधी तीन-तीन तर कधी दोन-दोन-दोन अशा मोजल्या जातात, त्यामुळे पावलं सतत ओढल्यासारखी वाटतात. 11 सप्टेंबर 1973 ला लष्करप्रमुख पिनोचेने सत्ता बळकावली आणि हजारो माणसं उचलली गेली. कित्येकांचा पत्ता पुन्हा लागलाच नाही. 1978 मध्ये सांतियागोत बेपत्ता माणसांच्या घरच्या बायकांनी क्वेका एकटीने नाचून दाखवला. छातीवर हरवलेल्याचा फोटो, हातात रुमाल, समोर जोडीदाराची जागा रिकामी. पुढच्याच वर्षी, 1979 मध्ये, त्याच राजवटीने क्वेकाला राष्ट्रीय नृत्य जाहीर केलं. म्हणजे सरकारने ज्याला देशाची शान म्हटलं, त्याच नाचातून या बाया सरकारला जाब विचारत होत्या.

आता गाणं ऐका. सात मिनिटांहून थोडं मोठं आहे. बराच वेळ लय संथ, चार मात्रांची, कुठेही घाई नाही. मध्ये पनामाचा गायक रुबेन ब्लेड्स स्पॅनिशमध्ये बोलतो. मग पिनोचेला थेट नावाने हाक मारली जाते आणि विचारलं जातं, तुझ्या आईवर अशी पाळी आली तर? सत्तेवर असलेल्या हुकूमशहाचं नाव पॉप गाण्यात इतकं सरळ घेणं तेव्हाही विरळाच होतं. शेवटी ताल एकदम उसळतो आणि नाच सुरू होतो. इथे बरेच जण गाणं पुढे ढकलतात, कारण हा तुकडा आधीच्या दुःखाला विजोड वाटतो. पण गाण्याचं म्हणणं याच तुकड्यात आहे: एक दिवस आम्हीही नाचू. शब्दांत ते आधी येतं, मग ताल तेच सांगत राहतो. या गाण्याच्या गिटारवादकांत एरिक क्लॅप्टन आणि मार्क नॉफ्लर ही नावं सगळ्यांना दिसतात. तिसरं फरीद हकचं, आणि त्याची आई चिलीची आहे.

त्याला लागूनच 'फ्रॅजाइल' येतं. बेन लिंडर हा 27 वर्षांचा अमेरिकन अभियंता मध्य अमेरिकेतल्या निकाराग्वात गावांसाठी छोटे जलविद्युत प्रकल्प उभारत होता. 28 एप्रिल 1987 ला तिथल्या सरकारविरुद्ध लढणाऱ्या कॉन्ट्रा बंडखोरांनी त्याला मारलं. या बंडखोरांना पैसा पुरवत होतं त्याच्याच देशाचं सरकार. गाण्यात नाव नाही, देश नाही; नायलॉनच्या तारांची गिटार आणि ब्राझिलियन वळणाची मऊ लय आहे. वाजवून बघणारे सहसा पोलादी तारांवर वाजवतात आणि गाणं टणक होतं. अंगठ्याने खर्ज धरायचा, वरच्या तारा बोटांनी छेडायच्या, पिक, म्हणजे तार छेडायची चकती, बाजूला ठेवायचा.

राजकारणाइतकंच या अल्बममध्ये जॅझही आहे; त्यासाठी 'इंग्लिशमन'चा मधला भाग पुन्हा ऐका. रेगे या जमैकन संगीताचे मागच्या मात्रेवरचे ठोके थांबतात, बास मात्रेमात्रेवर पावलं टाकत चालू लागतो, ब्रॅनफर्ड मार्सालिसचा सोप्रानो सॅक्सोफोन मोकळा सुटतो आणि त्यावर अचानक ढोलांचा नुसता दणका आदळतो. 'स्ट्रेट टू माय हार्ट' सात मात्रांचं आहे. आठाच्या सवयीने टाळी दिलीत तर दुसऱ्याच आवर्तनात चुकाल; सात मात्रांचा रूपक ताल हातात असेल तर काहीच जड नाही. 'लिटल विंग' रॉक गिटारवादक जिमी हेंड्रिक्सचं, पण साथीला जॅझ संगीतकार गिल एव्हान्सचा वाद्यवृंद आहे.

सातवं गाणं, 'वील बी टुगेदर', खुशाल वगळा. ते जपानी बिअरच्या जाहिरातीसाठी लिहिलेलं आहे, आणि अमेरिकेत सगळ्यात जास्त चाललं तेच!

एवढं झालं की 1988 ची 'नादा कोमो एल सोल' ही पाच गाण्यांची तबकडी शोधा. त्यात 'फ्रॅजाइल' दोनदा आहे, एकदा पोर्तुगीजमध्ये, एकदा स्पॅनिशमध्ये. स्टिंगचे स्पॅनिश उच्चार जरा अवघडलेले आहेत, तरी 'एयास दान्सान सोलास', म्हणजे स्पॅनिशमधलं 'दे डान्स अलोन', इंग्रजीपेक्षा मला जास्त पटतं. ज्या बायकांबद्दल गाणं आहे, त्यांना ते थेट कळतं.