बुरकुंडाचा पाइप

पाइप आमच्या पिढीला पहिल्यांदा दिसला तो जिना उतरताना. हिंदी सिनेमातला श्रीमंत बाप रेशमी गाऊनचा पट्टा आवळत, हातात पाइप घेऊन गोल जिन्यावरून खाली यायचा आणि दिवाणखान्यात ताटकळलेल्या गरीब नायकाला विचारायचा, बोल, किती पैसे घेशील? त्या पाइपमधून धूर येताना फारसा दिसत नसे. तो ओढण्यापेक्षा समोरच्यावर रोखायला जास्त उपयोगी पडायचा. त्याच सुमाराला आमच्या निपाणीकडे पारावरची म्हातारी मंडळी चिलमीत तंबाखू भरून झुरके मारत बसलेली असत. मातीची चिलीम काय आणि पाइपची तंबाखू भरायची लाकडी वाटी काय, काम एकच. पण चिलीम ओढणाऱ्याला कुणी रावबहादूर म्हटलं नाही, आणि पाइपवाल्याला कुणी व्यसनी म्हटलं नाही.

पहिला पाइप घेणाऱ्याला हा रुबाबच भोवतो. मी अमेरिकेत सेंट लुईसला राहतो. इथल्या तंबाखूच्या दुकानात नवखा गिऱ्हाईक दारातूनच ओळखू येतो. तो आधी आकार बघतो. त्याला वाकड्या दांडीचा, हनुवटीखाली लोंबणारा, गुप्तहेराला शोभेल असा पाइप हवा असतो. तो हातात घेऊन, काचेत स्वतःला बघून झालं की मग किमतीची चिठ्ठी शोधतो आणि पाइप होता तिथे अलगद ठेवून देतो. माउथपीसवर पांढरा ठिपका असलेला लंडनचा डनहिल काही शे डॉलरना असतो. डब्लिनचा पीटरसन किंवा मिलानचा साविनेल्ली शंभराच्या मागेपुढे. साधा कारखान्यातला, ब्रायर नावाच्या लाकडाचा, पन्नासच्या आसपास. आणि सगळ्यात खालच्या फळीवर, कुणाचं लक्ष जाणार नाही अशा ठिकाणी, मक्याच्या बुरकुंडाचे, म्हणजे दाणे काढलेल्या कणसाचे, पाइप पडलेले असतात, दहा-पंधरा डॉलरचे. नवख्याची नजर तिथवर जाते ती सगळ्यात शेवटी, जराशी शरमेने.

आधी ब्रायरचं बघू, कारण दुकानातले बहुतेक पाइप त्याचेच. भूमध्य समुद्राच्या काठच्या खडकाळ टेकड्यांवर एरिका आर्बोरिया नावाचं झुडूप वाढतं. त्याचं खोड आणि मुळं जिथे मिळतात तिथे जमिनीखाली एक लाकडी गड्डा तयार होतो. तोच ब्रायर. तो खणून काढायचा, कापायचा, कित्येक तास उकळून त्यातला चीक घालवायचा आणि मग महिनोन्‌महिने सुकवायचा. एवढं सोसल्यावर ते लाकूड पोटात निखारा ठेवला तरी सहजी जळत नाही. फ्रान्समधल्या जुरा डोंगरातल्या सेंट-क्लोद गावाने एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर या लाकडाचे पाइप करायला सुरुवात केली. तोवर इंग्लंड-हॉलंडात बहुतेक लोक पांढऱ्या मातीचे पाइप ओढत आणि ते फुटले की फेकून देत. लंडनला थेम्सच्या चिखलात ओहोटीच्या वेळी त्या नळ्यांचे तुकडे आजही सापडतात.

आता ब्रायरला एवढी किंमत कशाची? गड्डा जमिनीत वाढताना वाळू-खडे पोटात घेतो. कापताना अचानक एखादी खळी उघडी पडते. ज्या तुकड्यात अशी खळी निघाली नाही आणि ज्याच्या रेषा तळापासून काठापर्यंत सरळ गेल्या, तो महाग. जिथे खळ्या निघाल्या तिथे कारागीर पुट्टी भरून वर गडद रंग देतो, नाहीतर सगळ्या अंगाला खडबडीत नक्षी काढून खोट लपवतो, तो स्वस्त. धुराला यातलं काहीही कळत नाही. तो बिचारा आतून जातो, रेषा बाहेर असतात.

धुराला कळतं ते भोक. वाटीत जे छिद्र उघडतं ते अगदी तळाशी आणि मधोमध असायला हवं. ते वर सरकलेलं असेल तर तळातली तंबाखू कधीच धड जळत नाही, ओली होऊन बसते आणि ओढताना गुरगुर ऐकू येते. म्हणून दुकानदाराकडून एक पाइप क्लीनर, म्हणजे मऊ लव असलेली बारीक तार, मागून घ्यावा, माउथपीसमधून आत सारावा आणि तो कुठेही न अडता वाटीत डोकं काढतो का ते बघावं. वाकड्या पाइपात तो बऱ्याचदा वळणावर अडतो. तेव्हा गुप्तहेराचा नाद सोडून पहिला पाइप सरळ दांडीचा घ्यावा हे बरं. वाटीची भिंत जाड हवी, नाहीतर बोटं भाजतात. जाड चकचकीत व्हार्निश फासलेला पाइप नको. तापला की त्याला फोड येतात. माउथपीस काळ्या एबोनाइटचा, म्हणजे कडक रबराचा, असला तर दातांना मऊ लागतो, पण उन्हात हिरवट पडतो आणि मग त्याला कडू चव येते. ॲक्रिलिकचा कायम लखलखीत राहतो, पण दाताखाली दगड धरल्यासारखं वाटतं. मी एबोनाइटच्या बाजूचा आहे. हिरवट झाला तर घासता येतो, दात मात्र पुन्हा मिळत नाहीत.

कमी पैशात खरोखर उत्तम लाकूड हवं असेल तर इथले जाणकार एकच सांगतात, जुना घे. एखादे पाइपवाले आजोबा गेले की मुलं त्यांचे सगळे पाइप विकून टाकतात. त्यांना इथे ‘इस्टेट पाइप’ म्हणतात. विकणारा वाटीत मीठ भरून त्यावर मद्यार्क ओततो, रात्रभर मुरू देतो, माउथपीस घासून काळाभोर करतो आणि नव्यापेक्षा बऱ्याच कमी किमतीला लावतो. व्यवहार बघितला तर याहून चांगला सौदा नाही. मी एक उचललाही. माउथपीसवर दातांच्या दोन बारीक खुणा होत्या. कुणा अनोळखी माणसाने वर्षानुवर्षं तिथे दात रोवले होते. मद्यार्काने जंतू मरतात हे मला मान्य आहे. पण उष्टं हे जंतूंच्या हाती नसतं. लहानपणी आईने घातलेली ती शिस्त कुठल्याही मद्यार्कात विरघळत नाही. पाइप खाली ठेवला.

आणि तिथे चिलमीचं शहाणपण आठवलं. एकच चिलीम पारावर चार-पाच जणांत फिरते, तरी तिला कुणाचेही ओठ लागत नाहीत. तिच्या खालच्या तोंडाला ओली छापी गुंडाळायची, मूठ वळायची आणि मुठीतून दम घ्यायचा. आत एक खडा टाकलेला असतो, जळती तंबाखू घशात येऊ नये म्हणून. ओल्या फडक्यामुळे धूर गाळला जातो, गार होतो आणि वर सोवळंही सांभाळलं जातं. हेच काम साधायला युरोपातल्या पाइपवाल्यांनी काय काय केलं! कुणी दांडीत नऊ मिलिमीटरचे कोळशाचे फिल्टर घातले, कुणी धातूच्या नळ्या बसवल्या, आणि पीटरसनने १८९०च्या सुमाराला दांडीच्या पोटात ओल साठवणारा छोटा हौद करून त्याचं पेटंट घेतलं. आमच्या म्हाताऱ्यांनी धोतराच्या चिंधीत भागवलं. पेटंट मात्र कुणाला सुचलं नाही.

उरला तो खालच्या फळीवरचा. सेंट लुईसपासून पश्चिमेला गाडीने तासाभरावर, मिसुरी नदीच्या काठाला वॉशिंग्टन नावाचं लहानसं गाव आहे. राजधानीशी त्याचा संबंध नाही. तिथे १८६९ पासून मक्याच्या बुरकुंडाचे पाइप होतात. हेन्री टिबी हा हॉलंडहून आलेला कातारी. सांगतात ते असं, की एका शेतकऱ्याने त्याच्याकडे बुरकुंड आणून दिलं आणि कातून पाइप करून मागितला. तो इतका पसंत पडला की टिबीने बाकीचं कातकाम गुंडाळून ठेवलं. बुरकुंडाचं अंग भुसभुशीत, खाचाखोचांचं. त्यावर त्याने प्लास्टर ऑफ पॅरिस चोपडून, घासून गुळगुळीत केलं आणि १८७८ मध्ये त्याचं पेटंट घेतलं. तुर्कस्तानात एस्किशेहिरजवळ निघणाऱ्या पांढऱ्या, हलक्या मिरशॉम दगडाचे कोरीव पाइप तेव्हा मोठ्या लोकांच्या घरी असत. टिबीच्या कंपनीने बेधडक तेच नाव उचललं, मिसुरी मिरशॉम. बुरकुंडाला दगडाचं नाव देण्याचा हा आगाऊपणा मला फार आवडतो. नदीकाठची विटांची इमारत अजून उभी आहे, कारखाना अजून चालू आहे.

आपल्याकडे बुरकुंड चुलीत जातं, नाहीतर उकिरड्यावर. इथे त्यासाठी जाड बुरकुंडाचा मका मुद्दाम पेरतात. दाण्याला दुय्यम मान. सोललेली बुरकुंडं रचून वाळत ठेवतात, घट्ट होईपर्यंत. मग तुकडे, भोक, कात, प्लास्टर, पॉलिश. आणि हा पाइप गरिबांपुरता राहिला असं म्हणावं तर ३० ऑगस्ट १९४५ ला जपानमधल्या अत्सुगीच्या विमानतळावर अमेरिकेचे जनरल मॅकआर्थर विमानाच्या शिडीवरून उतरले तेव्हा त्यांच्या तोंडात बुरकुंडाचाच पाइप होता. उंच वाटीचा, या वॉशिंग्टनच्या कारखान्याने त्यांच्या सांगण्यावरून केलेला. शिडी होती, रुबाब होता, समोर हरलेला देश होता. फक्त गाऊन नव्हता.

या पाइपात उणिवा आहेत. कागदी लेबल वाटीवर चिकटवलेलं असतं. ते न काढता पेटवलं तर पहिला झुरका डिंकाचा. लाकडी दांडीचं टोक वाटीच्या आत थोडं पुढे आलेलं असतं. सुरुवातीला तेही तंबाखूबरोबर जळतं आणि चव बिघडते. हौशी लोक सिगारची राख पाण्यात कालवून त्या टोकाभोवती लिंपतात. मी तेवढ्या वाटेला गेलो नाही. टोक आपोआप काळं पडलं आणि गप्प बसलं. पण नव्या ब्रायरला जे लाड लागतात ते याला लागत नाहीत. ब्रायरची वाटी आधी अर्धीच भरायची, हळूहळू ओढायचं, आत कोळशाचा नाण्याएवढा जाड थर जमेपर्यंत धीर धरायचा, आणि एकदा ओढला की निदान दिवसभर विश्रांती द्यायची. बुरकुंड ओल शोषतं, लवकर कोरडं होतं, आणि हातात घेतलं तर वजन जाणवत नाही.

पाइप कुठलाही घ्या, मेख झुरक्यातच आहे. नवखा सिगारेटसारखा ओढतो. मग वाटी तापते, जीभ पोळते, तंबाखू ओली होते आणि पाइप विझतो. त्याला वाटतं, पाइप स्वस्तातला म्हणून असं होतंय. तो जाऊन महाग आणतो आणि जीभ पुन्हा पोळून घेतो, या वेळी दोनशे डॉलरमध्ये. पाइप ओढण्याच्या स्पर्धा होतात त्यात प्रत्येकाला तीन ग्रॅम तंबाखू आणि दोन काड्या मिळतात, आणि जो सगळ्यात जास्त वेळ पाइप विझू देत नाही तो जिंकतो. म्हणजे त्या खेळात अव्वल तो, जो सगळ्यात कमी ओढतो. राखेखाली धुमसणाऱ्या गोवरीइतकीच धग हवी. पाइप विझला तर विझू द्यावा, टॅम्परने, म्हणजे तंबाखू दाबायच्या छोट्या दट्ट्याने, हलकेच दाबून पुन्हा पेटवावा. त्यात कमीपणा नाही.

स्वस्त पाइपचा एक गुण दुकानदार सांगत नाही: तो सोडून देता येतो. पाइपचा धूर छातीत घेत नाहीत म्हणून तो निरुपद्रवी, असं इथले जुने लोक ऐकवतात. ते खरं नाही. निकोटिन तोंडाच्या आतल्या त्वचेतूनही रक्तात उतरतं, आणि ओठ, जीभ, घसा यांच्या कर्करोगाशी पाइपचा संबंध कधीच सिद्ध झालेला आहे. हे माहीत असूनही एखाद्याला पावसाळी संध्याकाळी एक वाटी ओढून बघायची असेल, तर त्याच्या हातात अशी वस्तू असावी की नको वाटलं तर फेकताना हात थरथरू नये. आपण मराठी माणसं वसुलीची. बुफेत पोट भरल्यावरही पैसे वसूल व्हायचे असतात. दोनशे डॉलरचा ब्रायर घेतला की आपण तो आवडो न आवडो, किमतीइतका ओढूनच थांबणार. बारा डॉलरच्या बुरकुंडात वसूल करण्यासारखं आहेच काय?

परवा पुण्याहून भाच्याचा मेसेज आला. “मामा, दिवाळीला येताना एक पाइप आणशील? बिगिनरसाठी. बजेटमधला.” वय एकतीस, नोकरी आयटीतली, तेव्हा नाही म्हणायचा मला अधिकार नाही, तरी विचारलं, “ओढणार आहेस, की फोटोपुरता हवाय?” तो म्हणाला, “दोन्ही. पण आईला सांगू नकोस.” आई म्हणजे माझी थोरली बहीण. तिला न सांगता काहीही करणं मला पन्नाशीतही जमलेलं नाही, पण ते मी त्याला कळवलं नाही. लिहिलं, एक बुरकुंडाचा पाइप आणतो आणि पाइप क्लीनरची एक जुडी. तंबाखू आणणार नाही, ती तुझी तू बघ. सोबत फोटो आणि किंमत पाठवली.

बराच वेळ निळ्या खुणा नुसत्या दिसत राहिल्या. मग उत्तर आलं.

“मामा, बारा डॉलर म्हणजे हजार रुपये. सिंहगडावर अख्खं कणीस चाळीसला देतात. भाजून, लिंबू-तिखट लावून. आणि त्याला दाणे पण असतात.”