तुम्ही विचारलंत म्हणून: झीना का?

आमच्या वाचनालयात दर मे महिन्यात मी मुलांना ग्रीक पुराणातल्या गोष्टी सांगते. रोज तासभर. शेवटच्या दिवशी कोणीतरी पालक हमखास विचारतात, "मॅडम, तुम्हाला ह्या गोष्टींचा नाद लागला कुठून?" मी खरं तेच सांगते: 'झीना' ह्या टीव्ही मालिकेमुळे. मग जरा दबकत पुढचा प्रश्न येतो. "ती चामड्याच्या पोशाखातली, आरोळ्या ठोकत कोलांट्या मारणारी? एवढं वाचता तुम्ही, आणि अजूनही ते बघता?"

हो, अजूनही बघते. आता नीटच सांगते.

माझं बालपण कुडाळजवळच्या गावात गेलं. जत्रेच्या रात्री देवळासमोर दशावतार व्हायचा. एक लाकडी बाकडं, मागे पडदा, बाजूला पेटी, मृदंग आणि झांज. त्याच बाकड्यावर इंद्र बसला की ते सिंहासन, आणि म्हातारा ऋषी टेकला की आश्रमाचा कट्टा. मुकुटाची चमकी गॅसबत्तीच्या उजेडात लखलखायची. काळ्या कपड्यांतला संकासुर लाल जीभ हलवत मालवणीत गावातल्या माणसांची फिरकी घ्यायचा आणि लोक पोट धरून हसायचे. पहाटे तीच माणसं हरिश्चंद्राचं दुःख बघून डोळे पुसायची. भडक रंग, पल्लेदार भाषणं, मधेच थट्टा आणि मग एकदम काळजाला हात, पुराण असंच असतं हे मला सात-आठ वर्षांची असतानाच ठाऊक होतं.

त्यामुळे आठवीत केबलवर पहिल्यांदा झीना दिसली तेव्हा मला काही खटकलं नाही. आई स्वयंपाकघरातून डोकावून म्हणाली, "ह्यां काय बघतंस गो?" मी म्हटलं, "दशावतार." ती पाच मिनिटं उभी राहिली, मग पदराला हात पुसून खाली बसली. एका लाथेत सहा माणसं हवेत उडत होती. प्राचीन ग्रीसमधल्या रानात मोठमोठे नेचे वाढलेले होते, कारण सगळं चित्रीकरण न्यूझीलंडमध्ये, ऑकलंडच्या आसपास चालायचं. ट्रॉयचं युद्ध आणि ज्युलियस सीझर ह्यांच्यात हजारेक वर्षांचं अंतर, पण झीना दोन्हीकडे हजर. आईला त्याचं काहीच वाटलं नाही. दशावतारातला नारदसुद्धा कोणत्याही युगात, कोणाच्याही दारात उभा राहतो.

"पण मूळ ग्रीक कथांची ही मोडतोडच ना?" असंही विचारतात. मूळ म्हणजे कुठलं? इ.स.पू. ४०५ मध्ये अथेन्सच्या रंगभूमीवर ॲरिस्टोफेनिसचं 'बेडूक' हे नाटक झालं. त्यात डायोनिसस देव पाताळाची वाट विचारायला हेराक्लीजच्या, म्हणजे आपल्याला माहीत असलेल्या हर्क्युलिसच्या, दारात येतो, तोही अंगातल्या केशरी झग्यावर हेराक्लीजसारखंच सिंहाचं कातडं पांघरून. त्याला बघून हेराक्लीजला हसू आवरत नाही. प्रेक्षक ह्याच देवांना नवस बोलणारे होते. युरिपिडीस ह्या नाटककाराच्या 'अल्सेस्टिस'मध्ये, इ.स.पू. ४३८ मध्ये, हेराक्लीज सुतकाच्या घरात दारू पिऊन गाणी म्हणतो. नोकर रागावतो, तेव्हा त्याला कळतं की घरची मालकीण गेली आहे. मग तो उठतो, मृत्यूशी कुस्ती करतो आणि तिला परत आणतो. दारूही त्याच नाटकात आणि ती कुस्तीही. हेराक्लीजने वेडाच्या भरात स्वतःची मुलं मारली ती बारा पराक्रमांच्या आधी की नंतर, ह्यावरसुद्धा ग्रीकांचं एकमत नव्हतं. युरिपिडीसने नाटकाला हवं म्हणून ते नंतर घातलं. १९९५ मध्ये सुरू झालेल्या 'हर्क्युलिस' मालिकेने ते पाप त्याच्या माथ्यावरून काढून हेरा देवीवर टाकलं. मला तो बदल आवडला नाही, कारण त्याने हर्क्युलिस सोपा झाला. पण बदल करण्याची रीत फार जुनी आहे.

त्या मालिकेत जे अवघड उरलं नाही ते झीनाकडे आलं. ती आधी 'हर्क्युलिस'च्या तीन भागांपुरती खलनायिका होती आणि तिसऱ्या भागात मरणार होती. ठरलेली नटी आजारी पडली म्हणून ल्युसी लॉलेसला बोलावलं आणि पुढे झीनाची स्वतःची मालिका १३४ भाग चालली. 'हर्क्युलिस'मधल्या त्या तीन भागांतला मधला मी कितीदा पाहिला असेल. झीना फौजेची म्होरकी आहे, गावं लुटणारी. तिचा सरदार एका गावात कत्तल करतो, तेव्हा ती एक तान्हं मूल वाचवते. तेवढ्यावरून फौज उलटते. दोन रांगांमध्ये तिला उभी करतात आणि त्या रांगांमधून तिने चालत जायचं. दोन्ही बाजूंनी काठ्या, लाथा, बुक्के. ज्यांना तिने लढायला शिकवलं तेच हात. ती पडते, गुडघ्यांवर येते, पुन्हा पाय टाकते. रांग संपते तेव्हा ती उभी असते, इतकंच. त्या प्रसंगात विनोद नाही, कोलांटी नाही. मी श्वास धरून बसले होते.

मग तिची स्वतःची मालिका. पहिल्याच भागात ती शस्त्रं जमिनीत पुरते आणि घरी, अँफिपोलिसला जाते. गावकरी तिला दगडांनी मारायला जमतात आणि ती हात उचलत नाही. पोटिडियाची एक बडबडी मुलगी, गॅब्रिएल, मध्ये पडून तिला सोडवते. भावाच्या थडग्याशी झीना एकटेपणाबद्दल बोलते, तेव्हाही मागून गॅब्रिएलचाच आवाज येतो.

ही गावं खरी आहेत का, म्हणून मी शाळेतला जगाचा नकाशा काढला. त्यात सापडली नाहीत. पुढे कॉलेजच्या ग्रंथालयात सापडली, दोन्ही उत्तर ग्रीसमधली. अँफिपोलिस वाचवता आलं नाही म्हणून अथेन्सने थुसिडिडिस नावाच्या सेनापतीला हद्दपार केलं आणि त्याने पेलोपोनेशियन युद्धाचा, म्हणजे अथेन्स आणि स्पार्टा ह्यांच्यातल्या युद्धाचा, इतिहास लिहिला. पोटिडियाच्या मोहिमेत सॉक्रेटिस साधा सैनिक म्हणून लढला. एका मालिकेतल्या दोन गावांच्या नावांनी मला थुसिडिडिसपाशी नेऊन सोडलं. नाद लागला तो असा.

झीना स्वतः मात्र कुठल्याच ग्रीक पुराणात नाही. ग्रीकमध्ये 'झेनी' म्हणजे परकी बाई, पाहुणी. पाहुण्याची पाठ राखणारा म्हणून देवांचा राजा झ्यूस ह्याला 'झेनिओस' म्हणत. हे नाव तिला फार शोभतं, कारण ती सगळीकडे पाहुणीच असते. तिचं शस्त्र तर आपल्याच घरचं: चक्रम्, म्हणजे आपलं चक्र. ते भिंतींवर आपटत हातात परत यायचं तेव्हा मला सुदर्शनच आठवायचं.

चौथ्या सीझनमध्ये ती भारतात येते. त्या भागात कृष्ण आणि हनुमान पात्रं म्हणून आल्यामुळे १९९९ मध्ये हिंदू संघटनांनी हरकत घेतली. तो भाग मागे घेतला गेला आणि नंतर काटछाट करून, निवेदन जोडून पुन्हा दाखवला. माझ्या मते हरकतीत तथ्य होतं. आमच्याकडेही देव बाकड्यावर बसतात, पण खेळाआधी पेटाऱ्याची पूजा होते आणि नट हात जोडतो. ते हात जोडणं त्या भागात मला दिसलं नाही. ज्या देवाला आज कोणीतरी दिवा लावतं, त्याच्यासाठी ते हवं होतं.

आता जे मला सगळ्यात जवळचं आहे ते. वाल्या कोळ्याची गोष्ट आपण ऐकलेली असते. प्रत्येक हत्येमागे एक खडा, असे सात रांजण भरले. मग नारद भेटला, रामनाम आलं, वारूळ चढलं, वाल्मीकी झाले. रांजणांचं पुढे काय झालं हे मी लहानपणी विचारायचे. 'झीना'मध्ये त्यातला एक खडा उठून समोर उभा राहतो. कॅलिस्टो लहान असताना झीनाच्या फौजेमुळे तिचं सिरा गाव जळलं आणि आईबाप त्यात गेले. ती मोठी होऊन हिशेब मागायला येते. ती क्रूर आहे, तिचं हसणं अंगावर येतं, आणि तिच्या तक्रारीला झीनाकडे उत्तर नाही. चांगलं वागायला लागल्याने सिरा परत वसत नाही. मालिका हे कधी विसरली नाही. २००१ मधल्या शेवटच्या भागात झीना मेलेली असते आणि गॅब्रिएल तिला पुन्हा जिवंत करू शकत असते. पण झीनामुळे लागलेल्या आगीत गेलेले ४०,००० जीव त्यामुळे अडकून राहिले असते. झीना तिचा हात धरते आणि मेलेलीच राहते. कित्येक चाहते त्या शेवटावर आजही नाराज आहेत. मी रडले, पण तो मला पटला.

गेल्या मे महिन्यात मुलांना मी सिराची गोष्ट सांगितली. दहा वर्षांची एक मुलगी सगळे गेल्यावरही चटईची गुंडाळी हातात धरून थांबली. म्हणाली, "बाई, झीनाला गॅब्रिएल भेटली. कॅलिस्टोला कोणीच का नाही भेटलं?"

मी तिला बसवलं आणि पाचव्या सीझनच्या सुरुवातीची गोष्ट सांगितली. कॅलिस्टो नरकात असते आणि झीनाकडे स्वर्गातला प्रकाश असतो. झीना तो तिला देऊन टाकते आणि तिच्या जागी स्वतः खाली राहते. पुढे कॅलिस्टो झीनाच्याच पोटी जन्म घेते.

ती म्हणाली, "म्हणजे झीनाच भेटली."