झिरो नंबरची काच

वडिलांच्या कॅमेऱ्याच्या चामडी केसमध्ये एक छोटी डबी सापडली. आत एक पितळी कडं आणि पिवळ्या काचेचे चार तुकडे. कॅमेरा धडधाकट आहे, दोन भिंगांचा, वरून डोकावून बघायचा. फुटला होता तो फिल्टर, आणि त्याचंच मला वाईट वाटलं.

कारण आमच्या अल्बममधला पन्हाळ्याचा फोटो. तीन दरवाजाच्या डोक्यावर कापूस पिंजून ठेवावा तसे ढग. ही सगळी करामत त्या पिवळ्या काचेची. कृष्णधवल फिल्मला निळं जरा जास्तच उजळ दिसतं, त्यामुळे आभाळही पांढरं आणि ढगही पांढरे. पिवळी काच निळा प्रकाश अडवते, आभाळ काळवंडतं आणि ढग वर येतात. बदल्यात एक्स्पोजर साधारण दुप्पट द्यायचं.

कोल्हापूरच्या उद्यमनगरातल्या, म्हणजे कारखान्यांच्या भागातल्या, मित्रानं कड्याला व्हर्निअर लावला. "एकतीस पॉइंट चार." पुढं मिलिमीटर म्हणायची तिथं पद्धत नाही.

हे माप घेऊन लक्ष्मीपुरीत काचवाल्याकडं गेलो. त्याचं जग फूट, इंच आणि सुताचं. "गोल? एवढुशी? पाव्हणं, कटर फिरायला जागा तर पायजे की!" चष्मेवाल्यानं विचारलं, नंबर काय? म्हटलं, नंबर नाही. "म्हणजे झिरो नंबर," असं म्हणून त्यानं लगेच एक गोल काढून दिला. घरी येऊन टेबलावर ठेवला तर वाटीसारखा डुलायला लागला. चष्म्याची काच बिननंबरी असली तरी सपाट नसते, तिला बाक असतोच, हे मला पन्नाशीत कळलं. शिवाय ती काच नव्हतीच, प्लास्टिक होतं.

येता-जाता खरी कॉर्नरचा कॅमेरा स्तंभ दिसायचा. बाबूराव पेंटरांनी शंभर वर्षांपूर्वी याच गावात चित्रपटाचा अख्खा कॅमेरा तयार केला. आणि मी रुपयाएवढ्या काचेसाठी फिरतोय. मान खाली घालून गाडी पुढं काढली.

शेवटी महाद्वार रोडच्या एका बोळातले घड्याळवाले काका. त्यांच्याकडं कागदी पाकिटांचे खणच्या खण, प्रत्येकावर पेन्सिलीनं आकडा. घड्याळाच्या काचा मिलिमीटरच्या दहाव्या भागानं चढत जातात, हे मला ठाऊकच नव्हतं. काकांनी डोळ्याला भिंग लावलं, माझं कडं न बघता आधी फुटका तुकडा कडेनं बघितला आणि म्हणाले, "ही एक काच न्हाई. दोन हायत. मधी रंग हाय."

खरंच होतं. जुने फिल्टर असेही करत: रंगीत जिलेटिनचा पापुद्रा दोन काचांमध्ये चिकटवून. म्हणजे मला पिवळी काच शोधायचीच नव्हती! काकांनी ३१.३ च्या दोन सपाट काचा काढल्या. एकेक ट्यूबलाइटखाली धरून तिरकी केली. नळीचं प्रतिबिंब सरळ सरकलं तर काच बरी, नागमोडी झालं तर परत पाकिटात. आमच्या आजोळच्या वाड्यातल्या खिडकीतून मान हलवली की माड वाकायचा, ते आठवलं. वितळलेल्या कथलावर काच पसरायची युक्ती १९५० च्या दशकातली. त्याआधीच्या खिडक्यांमधून जग थोडं हलणारच.

पिवळ्या रंगासाठी नाटकाच्या लाइटवाल्याला गाठलं. पूर्वीचा खरा जिलेटिन पेपर जाऊन आता प्लास्टिक आलंय, पण त्याच्या तोंडी "जिलेटिन"च आहे. "कुठला पिवळा? सकाळचा का दुपारचा?" यावर मी जरा गप्प झालो. नाटकात प्रकाशाचे तास असतात, कॅमेऱ्यात नुसता रंग. त्यानं दोन्ही तुकडे दिले. मी सकाळचा घेतला, तो फिका होता.

काचा, मध्ये जिलेटिन, वरून तारेची कडी. पहिल्या खेपेला आत माझ्याच बोटाचा ठसा राहिला. दुसऱ्यांदा बायकोनं बसवलं, निमूटपणे.

काका पैसे घेईनात. "फोटू दाखवा मग बघू." बारा फोटोंचा रोल भरून तयार आहे. फिल्टर खालच्या, फोटो टिपणाऱ्या भिंगावर चढवतो आणि वरून बघतो. वरच्या भिंगातून अर्थातच पिवळं काही दिसत नाही. पण आषाढ चालू आहे. सलग राखाडी आभाळावर पिवळी काच काहीच करत नाही, तिला निळं लागतं. रोज सकाळी रंकाळ्यावर जाऊन वर बघतो. काल दुपारी पन्हाळ्याच्या बाजूला हातरुमालाएवढं निळं उघडलं होतं, पण कॅमेरा घरी होता.