कुसुमाचं लाल पान आणि माझे दोन हंगाम

माझी पहिली चूक कॅमेऱ्याचं बटण दाबायच्या आधीच झाली होती. महिनाच चुकला.

भाच्यानं नवा कॅमेरा घेतला आणि जुना डीएसएलआर माझ्याकडे आला, तो ऑक्टोबरात. मोबाइलवर थंड देशांतली लाल-पिवळी झाडं बघून डोकं भरलेलं होतं. पहिल्याच रविवारी नवेगाव बांधच्या बाजूला जंगलाच्या कडेनं हिंडलो, तर सगळं गच्च हिरवं. बांधीत धान लोंबीवर आलेला. रंग म्हणावा तर फक्त सागाच्या पानांना, तोही अळीच्या कृपेनं: मधलं सगळं खाऊन शिरांची तपकिरी जाळी तेवढी शिल्लक ठेवलेली. तेच शंभरेक फोटो काढले आणि 'पानगळ' म्हणून भाच्याला पाठवले. त्याचं उत्तर आलं, "मामा, झाडाला रोग लागला का?"

थंड देशात दिवस लहान होतात, गारठा वाढतो, म्हणून तिकडे ऑक्टोबरात पानं रंगतात. आपल्याकडे झाडाला थंडीची फारशी फिकीर नसते, पाण्याची असते. पावसाळ्यातली ओल जमिनीतून उतरत गेली की पानांवाटे उडून जाणारं पाणी झाडाला परवडत नाही, मग ते पानंच टाकून देतं. म्हणून गोंदिया-भंडाऱ्याकडची खरी पानगळ फेब्रुवारी-मार्चची. गावातल्या कोणालाही विचारलं असतं तर त्यानं सांगितलं असतं. मी विचारलं नाही, कारण मी गुरुजी.

फेब्रुवारीत परत गेलो. धावडा तांबूस झालेला, सागाची सुपाएवढी पानं खाली पडून पापडासारखी वाजत होती. पण फोटो एकूणएक फुकट गेले. आठवडाभर शाळा, त्यामुळे निघायचो फक्त रविवारी, तेही जेवून. दुपारी एकच्या उन्हात सागाचं पान स्टीलच्या ताटासारखं चमकतं, आणि वर बघून काढलेल्या प्रत्येक फोटोत मागचं आभाळ पांढरंफटक येतं. भाच्याच्या सांगण्यावरून आठशे रुपयांचं पोलरायझर, म्हणजे चमक कापणारी काच, मागवलं. पानावरची चमक त्यानं खरंच जाते, खालचा रंग वर येतो. पण ते भिंगापुढे बसवून फिरवावं लागतं, हे कळायला मला पंधरा दिवस लागले. आभाळ गडद करायचं तर सूर्य आपल्या बाजूला असावा लागतो, समोर किंवा पाठीमागे असला तर फरक जवळजवळ पडत नाही. शिवाय ते उजेड खातं, शटर मंदावतं आणि पान हलतं. पिंपळाचं पान तर वारा नसतानाही थरथरतं. सेकंदाच्या साठाव्या भागात काढलेली माझी सगळी पिंपळपानं दोन-दोन कडांची आहेत. आता शटर सेकंदाच्या पाचशेव्या भागापेक्षा मंद ठेवत नाही, त्यासाठी आयएसओ, म्हणजे कॅमेऱ्याची उजेड टिपायची ताकद, वाढवावा लागला तरी चालेल. त्यानं फोटोत थोडे दाणे दिसलेले पुरवतात.

संध्याकाळी गेलो तेव्हा वेगळीच गंमत. डोळ्यांना सगळं सोन्यासारखं दिसत होतं, फोटोत सगळं मिळमिळीत. व्हाइट बॅलन्स, म्हणजे उजेडाचा रंग जुळवणारी सेटिंग, ऑटोवर होता, आणि पिवळा उजेड 'सुधारणं' हे ऑटोचं कामच. तो 'ढगाळ'वर टाकला आणि सोनं परत आलं. त्या आनंदात घरी बसून रंग भडक करणारी सॅच्युरेशनची पट्टी शेवटपर्यंत ओढली आणि फोटो घरच्या ग्रुपवर टाकले. काकांनी विचारलं, "मांडव कोणाच्या लग्नाचा हाय?"

एवढं सगळं करून मूळ चूक शिल्लकच होती. ती कळली पुढच्या वर्षी, मार्चच्या अखेरीस.

तलावाच्या पाळीमागे कुसुमाचं एक जुनं झाड आहे. मार्चात ते असं लाल होतं की लांबून वाटावं, झाड पेटलंय. मी ठरवलं, हीच आपली पानगळ. शेजारी मोह. मोहाखाली अस्वल येतं, म्हणून उजाडायच्या आत तिकडे एकटं जायचं नाही, हे गावात लहान पोरालाही ठाऊक. मी फुलं वेचणाऱ्या बायांच्या मागोमाग गेलो. बाया झाडाखाली पसरल्या आणि मी कुसुमाखाली जमिनीकडे बघत घिरट्या घालू लागलो. मला पडलेली लाल पानं हवी होती, मातीवर विखुरलेली, तिकडच्या फोटोंत असतात तशी. एकही सापडेना.

एक आजी टोपलं घेऊन जवळ आल्या. "काय हरवलं जी गुरुजी?"

"लाल पानं शोधतोय आजी, गळालेली."

"थे कायले गळते? थे तं आत्ता फुटलं."

त्यांनी खालची एक फांदी वाकवून पान माझ्या हातात दिलं. ओल्या फडक्यासारखं लुळं, बोटावर टाकलं तर दोन्हीकडून लोंबणारं. मग पायाजवळचं सागाचं पान उचलून मुठीत चुरलं. "मरते थे असं वाजते."

म्हणजे जे लाल दिसत होतं ती कुसुमाची पालवी होती. कोवळ्या पानात हिरवा रंग पुरता भरायचा असतो, तोवर कडक उन्हापासून हा लाल रंग त्याला सांभाळतो. काही दिवसांत ते पान हिरवं होतं. मी मरणारं पान समजून त्याचे फोटो काढत होतो, तेही वाळक्या पानाचे काढावेत तसे: वरून, उन्हात, सपाट. मागच्या मार्चातले कुसुमाचे फोटो का बिघडले तेही मग उलगडलं. स्क्रीनवर ठीक वाटायचे, घरी संगणकावर नुसता लाल लगदा, एक शीर दिसायची नाही. फोटोत उजेड किती आला हे दाखवणारा कॅमेऱ्याचा साधा आलेख सरासरी दाखवतो, त्यात सगळं बरं दिसतं. तिन्ही रंगांचे आलेख वेगळे उघडले तर लाल रंगाचा उजव्या भिंतीला जाऊन आपटलेला असतो. तिथे तपशील गेला तो गेला, मागाहून कितीही पट्ट्या ओढा. उपाय एवढाच की एक्स्पोजर, म्हणजे फोटोत घ्यायचा उजेड, मुद्दाम एक घर कमी, म्हणजे निम्मा ठेवायचा. स्क्रीनवर फोटो काळपट वाटतो, वाटू द्यायचा.

त्या सकाळी पोलरायझर काढून खिशात टाकलं, कारण पानावरची चमक नको होती, पानातून येणारा उजेड हवा होता. कुसुमाखाली उकिडवा बसलो. सूर्य पानाच्या मागे येईल आणि पानाच्या मागे आभाळ न येता मोहाचं काळं खोड येईल, अशी जागा शोधायला अर्धा तास गेला. भिंगावर थेट ऊन पडून फोटो पांढुरका होत होता, म्हणून डाव्या हातानं आडोसा धरला. कॅमेरा सारखा मागच्या फांदीवर फोकस धरायचा, म्हणून सगळे बिंदू बंद करून एकच ठेवला, पानाच्या मधल्या शिरेवर. एक्स्पोजर एक घर खाली. वारा पडायची वाट बघितली. तीन फोटो काढले, त्यातला दुसरा जमला.

आजींना दाखवला. त्यांनी पदरानं स्क्रीन पुसली, डोळे बारीक करून बघितलं.

"कान हाय हा," त्या म्हणाल्या. "लहान लेकराले उन्हात घेतलं का नाई, तवा कान असाच लाल दिसते. आतल्या शिरा सुदिक."

आणि टोपलं उचलून निघाल्या. ऊन चढायच्या आत त्यांचं अर्धं झाड वेचायचं बाकी होतं.