भानुवार

ती आमच्या शाळेत जुलैत आली आणि मला ती कळली सप्टेंबरात. मधले दोन महिने डोक्यातून जात नाहीत, म्हणून लिहिते आहे.

मुंबई महानगरपालिका मराठी, हिंदी, उर्दू, गुजराती, तमिळ, तेलुगू, कन्नड आणि इंग्रजी अशा आठ माध्यमांत शाळा चालवते. त्यातल्या तीन-तीन, चार-चार शाळा एकाच इमारतीत नांदतात, हे बाहेरच्यांना सहसा ठाऊक नसतं. आमच्याकडे तळमजला आणि पहिला मजला मराठी, दुसरा उर्दू, तिसरा कन्नड. मुख्याध्यापक वेगळे, पट वेगळा, जनरल रजिस्टर वेगळं. फाटक आणि जिना तेवढा एक.

जुलैत बांधकामावर काम करणारे एक वडील मुलीला घेऊन आले. फाटकातून शिरलं की पहिलं दार आमचं. जवळ दाखला नव्हता. २००९च्या शिक्षण हक्क कायद्यानुसार दाखल्यावाचून प्रवेश अडवता येत नाही आणि वर्ग वयाप्रमाणे द्यावा लागतो. म्हणून ती पाचवीत, माझ्याच वर्गात बसली. अर्ज मी भरला. वडील माझ्याशी हिंदीत बोलले, म्हणून मातृभाषेच्या रकान्यात मी 'हिंदी' लिहिलं. विचारलं नाही. दाराशी रांग होती, दप्तरं-वह्यांचं वाटप चालू होतं. तरी विचारायला अर्धं मिनिट पुरलं असतं.

मग वाचन चाचणी. प्रारंभिक, अक्षर, शब्द, परिच्छेद, गोष्ट असे स्तर असतात. तिने कार्डाकडे पाहिलं आणि मान खाली घातली. मी 'प्रारंभिक' लिहिलं. ऑगस्टमध्ये परत तेच. तक्त्यात मुलाला काय येत नाही, हे भरायला जागा असते. दुसरं काही येतं का, हा रकानाच नसतो. गणितं मात्र ती भराभर सोडवायची. शाळेची पायरी चढल्याशिवाय हातच्याची वजाबाकी अशी मांडता येत नाही, हे अठरा वर्षं शिकवणाऱ्या मला तेव्हाच उमगायला हवं होतं.

सप्टेंबरात एका सकाळी भरतीच्या वेळेला पाऊस लागला आणि तळमजल्यावर पाणी शिरलं. तिसऱ्या मजल्यावर कन्नड शाळेचा एक वर्ग रिकामा असतो, त्यांचा पट घटल्यापासून. मी मुलांना तिथे नेलं. ओल्या छत्र्या कोपऱ्यात लावून वळले, तर ही भिंतीपाशी उभी राहून पुटपुटत होती. "सोमवार, मंगळवार, बुधवार..." वाटलं, पाठ केलेले वार म्हणते आहे. शनिवारनंतर ती म्हणाली, "भानुवार."

माझ्या वर्गात तिने कायम 'रविवार' म्हटलं होतं. मी भिंतीवरच्या वारांच्या तक्त्याकडे बघितलं. ती सगळी गोल, वळणदार अक्षरं माझ्यासाठी निव्वळ नक्षी होती.

शेजारच्या वर्गातून कन्नडच्या सरांना बोलावलं. त्यांनी कपाटातलं एक पुस्तक मधेच कुठेतरी उघडून तिच्या हातात दिलं. दोन महिने जिच्या तोंडून चार शब्द एका दमात ऐकले नव्हते, ती पानभर वाचत गेली. संवाद आला की आवाज बदलायची, पूर्णविरामाला थांबायची. सर म्हणाले, "बाई, ही 'गोष्ट' स्तराच्याही पुढे आहे." कलबुर्गीकडच्या गावात चौथीपर्यंत शिकली होती. सरांनी विचारलं आणि तिने सांगितलं, इतकं ते सोपं होतं.

सरांच्या पाचवीत अकरा मुलं. माझ्याकडे तेवीस, तीही टिकतील की नाही याची धास्ती. पट कमी झाला की संचमान्यतेत, म्हणजे पटावरून शिक्षकांची पदं ठरवताना, शिक्षक अतिरिक्त ठरतो. दोघांच्याही मनात तेच होतं आणि दोघांनीही ते बोलून दाखवलं नाही. शाळा सुटायच्या वेळी वडील आले. सर त्यांच्याशी कन्नडमध्ये बोलले. मुलीला मजला बदलून घेता येईल, हे त्यांना तेव्हा पहिल्यांदा कळलं. बराच वेळ ते गप्प राहिले. मग जे बोलले ते सरांनी मला सांगितलं: आता गावी परतायचं नाही, पुढे हिला इथलीच भाषा लागणार, इथेच राहू दे.

जमेल तिथवर मातृभाषेतून शिकवावं, असं त्याच कायद्याचं २९वं कलम सांगतं. मला ते पाठ आहे. मी ते वडिलांना सांगितलं नाही. निर्णय त्यांचा होता, हे खरं. पण मी गप्प बसले ते त्यांचा मान राखायला की माझा तेविसावा आकडा राखायला, हे मला आजही ठामपणे सांगता येत नाही.

देवनागरी तिने पाच आठवड्यांत हस्तगत केली. शिकवायचं असं फार थोडं होतं. कन्नडमध्ये बाराखडीला 'कागुणित' म्हणतात. अक्षरांचा क्रम तोच, 'ळ'सुद्धा आहे. सरांनी एका बाजूला कन्नड अक्षर लिहिलं, समोर मी देवनागरी. तिच्या चुका मी वहीत टिपून ठेवल्या आहेत, कारण इतक्या शहाण्या चुका मी क्वचितच पाहिल्या. 'घर' ती 'घरऽ' वाचायची. तिच्या भाषेत लिहिलेला अकार गिळत नाहीत. 'चमचा'तला च ती 'चिमणी'सारखा म्हणायची आणि एकच अक्षर दोन तऱ्हांनी का, हे विचारायची. श्रुतलेखनात हात वर करायची: "बाई, कुठला ए?" कन्नडमध्ये ए दोन आहेत, ऱ्हस्व आणि दीर्घ, आणि दोन्हींना वेगळी अक्षरं. आमच्याकडे एकच, हे ऐकून तिला आमची लिपी अपुरी वाटली असावी.

मधल्या सुट्टीत खिचडी खाऊन ती तिसऱ्या मजल्यावर जाते. सर तिला वाचायला पुस्तक देतात.

अर्जावरचं 'हिंदी' खोडून लाल शाईने 'कन्नड' लिहिलं, शेजारी मुख्याध्यापकांची सही घेतली. त्याच दिवशी वर्गाच्या अर्जांचा गठ्ठा सोडला. मातृभाषा 'हिंदी' लिहिलेले आणखी सहा अर्ज निघाले, सगळे माझ्या अक्षरातले. तीन घरी जाऊन आले आहे. एका घरात भोजपुरी बोलतात, एका घरात तेलुगू. तिसऱ्या घराला कुलूप होतं.