खंबाटकीच्या चढाला बसणारी गाडी

सातारा जिल्ह्यातल्या खंडाळ्याजवळ हायवेला लागून माझं गॅरेज आहे. खंबाटकीचा चढ पुढेच सुरू होतो, त्यामुळे घाटात बसलेल्या गाड्या रोजच्याच. त्या मे महिन्यात आलेला दहाटायरी ट्रक मात्र मी विसरणार नाही.

२००४ सालची गाडी, इंजिनाला डिझेल देणारा पंप जुना मेकॅनिकल. नाशिकचा कांदा भरून बंगळूरला निघालेली. मालकच ड्रायव्हर, वय साठीचं. म्हणाले, "मिस्त्री, सपाटीला पळते. चढाला लागली की पाच-सात मिनिटांत ओढ जाते. बाजूला घेऊन चहा पिऊन आलो की परत चांगली." तीन महिन्यांत पंपाचं कॅलिब्रेशन, म्हणजे डिझेलच्या मापाची जुळणी, झाली होती, इंजिनात डिझेल फवारणारे नोझल बदलले होते, टाकीतून डिझेल ओढणारा फीड पंप नवा टाकला होता, फिल्टर तर दोनदा. चाळीस हजार गेले आणि गाडी होती तशीच. मला फार वाईट वाटलं. एका गाडीवर घर चालवणाऱ्या माणसाचे पैसे होते ते.

मी काहीच खोललं नाही. शेजारी बसलो नि म्हटलं, "मामा, चला घाटात." ओढ गेली तेव्हा मान बाहेर काढून सायलेन्सरकडे बघितलं. धूर जवळजवळ नव्हताच. हवा कमी पडली असती, इंजिनात हवा दाबून भरणाऱ्या टर्बोचा होज फाटला असता, तर काळा लोट निघाला असता. म्हणजे डिझेलच पोचत नव्हतं. टाकीत हवा शिरत नसल्यानं डिझेल अडत असेल म्हणून झाकण सैल करून बघितलं, तरी तेच.

बोगद्यातून परत आलो. वीस लिटरचा कॅन टाकीशेजारी दोरीनं आवळला आणि फीड पंपाकडे जाणारा नवा पाईप नि उरलेलं डिझेल परत आणणारा रिटर्नचा पाईप, दोन्ही त्यात सोडले. कॅन मुद्दाम टाकीच्याच उंचीला ठेवला. वर बांधला की डिझेल आपोआप उतरतं आणि कमजोर फीड पंपही पास होतो. इथे बरेच जण फसतात. पाईपात शिरलेली हवा काढली, पुन्हा घाट धरला. माथ्यापर्यंत गाडी एकदाही दबली नाही. मामा काही बोलेनात, नुसते स्टिअरिंगवरून हात फिरवत राहिले.

म्हणजे दोष टाकी ते फीड पंप एवढ्यातच. टाकीतली जाळी साफ निघाली. जुना रबरी पाईप काढून फुंकला, हवा आरपार. "प्रत्येकानं हवा मारून बघितलाय तो," मामा म्हणाले. तेव्हा लक्षात आलं, हवा सगळे पंपाकडून टाकीकडे मारतात, मीही तसाच फुंकला होता. डिझेल तर उलट बाजूनं येतं! तेच टोक तोंडात धरून खेचून बघितलं. हळू खेचलं तर हवा आली, जोरात खेचलं तर पाईप गच्च बंद.

ब्लेडनं तो उभा चिरला. बाहेरून ठणठणीत, आत मात्र अस्तर सुटून बोटाच्या पेराएवढी रबराची जीभ लोंबत होती. सपाटीला ती पडून राहायची. चढाला डिझेलची खेच वाढली, रबर तापून मऊ झालं, की वाटेवर आडवी बसायची. इंजिन बंद केलं की सुटायची. मामांचा चहा होईपर्यंत रस्ता मोकळा.

नवा पाईप आणि दोन क्लिपा टाकल्या. मामांनी चिरलेला पाईप मागून घेतला, पेपरात गुंडाळून केबिनमध्ये ठेवला. रात्री कराडच्या पुढून त्यांचा फोन आला, "जेवायला थांबलोय मिस्त्री. गाडीसाठी नाही, भुकेसाठी."