सिसव्हॉल अखेर दोन्ही डीसींवर चालला: सांबा जोडी, पुढची नोंद

मागच्या नोंदीपासून अडलेलं काम सुटलं. डेबियन ट्रिक्सी या लिनक्सवरच्या सांबा (विंडोजचं डोमेन चालवू शकणारं सॉफ्टवेअर) जोडीतला दुसरा डोमेन कंट्रोलर (डीसी, म्हणजे डोमेनचे लॉगिन सांभाळणारा सर्व्हर) आता ग्रुप पॉलिसी, म्हणजे क्लायंट मशीनसाठीचे नियम, नीट देतोय. हे नियम सिसव्हॉल नावाच्या शेअरमध्ये असतात. विंडोज सर्व्हर २०२२ ची जोडी आधीपासून चालू आहेच, त्यामुळे तुलनेला आता काही अर्थ आहे.

लक्षण तेच जुनं. क्लायंटवर जीपीअपडेट (पॉलिसी नव्याने आणणारी कमांड) कधी मुकाट पार पडायचं, तर कधी इव्हेंट १०५८ यायचा: पॉलिसीची जीपीटी डॉट आयएनआय ही फाइल वाचता येत नाही, एरर कोड ५. कोड ५३ असता तर नेटवर्कचा रस्ता किंवा डीएनएस तपासायचा. ५ म्हणजे सरळ परवानगी नाकारलेली. क्लायंटला सिसव्हॉल कुठल्या डीसीवरून मिळेल हे डीएफएस (शेअरचा पत्ता सर्व्हरशी जोडणारी सोय) ठरवतं, म्हणून बिघाड लहरी वाटतो. नक्की करायचं तर प्रत्येक डीसीचं नाव देऊन त्याचा सिसव्हॉल शेअर थेट उघडायचा, आणि तोही साध्या युजरने. ॲडमिनिस्ट्रेटरने केलेली चाचणी इथे कुचकामी आहे, कारण सांबा डीसीवर ॲडमिनिस्ट्रेटर म्हणजे युआयडी (लिनक्सचा युजर क्रमांक) ०, रूटच. त्याला कर्नल कशाला अडवेल?

मूळ असं: सांबाला डीएफएसआर (डीसींमधल्या फाइली सारख्या ठेवणारी विंडोजची सेवा) येत नाही. युजर-ग्रुपची डिरेक्टरी रेप्लिकेट होते, सिसव्हॉलच्या फाइली होत नाहीत, त्या आर-सिंक या कॉपी करणाऱ्या साधनाने आपणच न्यायच्या. त्याचे मोठा एक्स आणि मोठा ए हे दोन्ही पर्याय हवेतच, नाहीतर एक्स्टेंडेड ॲट्रिब्यूट आणि एसीएल (परवानग्यांच्या याद्या) मागेच राहतात. ते दिले होते, तरी परवानगी नाही. खरी मेख आयडीमॅपमध्ये, म्हणजे एसआयडी (विंडोजमधली युजर-ग्रुपची ओळख) आणि लिनक्सचा आकडा यांच्या जोडणीत, निघाली. प्रत्येक डीसी एसआयडीला स्वतःच आकडा देतो, ३०००००० पासून पुढे, जो एसआयडी आधी दिसेल त्याला आधी. दोन्हीकडे डब्ल्यूबीइन्फो कमांडच्या ‘एसआयडी-टू-जीआयडी’ने एस-१-५-११, म्हणजे ऑथेंटिकेटेड यूझर्स, विचारल्यावर पहिल्याने ३०००००३ सांगितलं, दुसऱ्याने ३०००००९. आर-सिंकने आकडा जसाच्या तसा नेला, पण दुसऱ्या डीसीवर तो आकडा भलत्याच ग्रुपचा. विंडोजच्या सिक्युरिटी टॅबमध्ये सगळं ठीक दिसतं, कारण एनटी एसीएल (विंडोजच्या परवानग्या) बरोबर असतो. दार कर्नल लावतो, तेही पॉझिक्स एसीएल (लिनक्सच्या, आकड्यांवर चालणाऱ्या परवानग्या) बघून.

उपाय: पहिल्या डीसीवर टीडीबीबॅकअप कमांडने आयडीमॅप डॉट एलडीबी या डेटाबेसची प्रत काढायची. चालू डेटाबेसवर साधं सीपी (लिनक्सची कॉपी कमांड) नको. दुसऱ्यावर सांबा-एडी-डीसी सेवा थांबवून ती प्रत प्रायव्हेट फोल्डरमध्ये मूळ नावाने ठेवायची, सेवा सुरू करायची, ‘नेट कॅश फ्लश’, मग सांबा-टूलचं सिसव्हॉलरीसेट (परवानग्या पुन्हा लावणं) आणि शेवटी सिसव्हॉलचेक (त्या तपासणं). चेक काहीही न छापता परतला. या कमांडची शांतता म्हणजेच पावती! पुढे एखाद्या पॉलिसीच्या सिक्युरिटी फिल्टरिंगमध्ये नवा ग्रुप आला की दोन्हीकडे पुन्हा आपापले आकडे पडू शकतात, म्हणून डब्ल्यूबीइन्फोची तपासणी चालूच ठेवायची.

दुतर्फा सिंकसाठी ओसिंक हे साधन बसवायचा बेत होता, तो रद्द. पॉलिसी संपादक तसाही पीडीसी एम्युलेटरवरच (ही खास भूमिका एका वेळी एकाच डीसीकडे असते) लिहितो, तेव्हा एकतर्फी आर-सिंक पुरतो, क्रॉन या ठरल्या वेळी काम चालवणाऱ्या सेवेतून दर ५ मिनिटांनी. पण हे लिहिता लिहिताच एक भोक दिसलं: पीडीसीची भूमिका उद्या दुसऱ्या डीसीकडे हलवली, तर स्रोतात नसलेलं पुसणाऱ्या ‘डिलीट’ पर्यायासकट चालणारा तोच क्रॉन नव्या पॉलिसी पुसून टाकेल. म्हणून स्क्रिप्टच्या पहिल्याच ओळीत ‘सांबा-टूल एफएसएमओ शो’ (भूमिका कुठल्या डीसीकडे ते दाखवणारी कमांड) बघायचं आणि स्रोत पीडीसी नसेल तर बाहेर पडायचं. एलसिंकडीचा (बदल होताच सिंक करणाऱ्या साधनाचा) विचार सध्या बाजूला.

विंडोजच्या जोडीत यातलं काहीच करावं लागत नाही. लायसन्सचे पैसे (सर्व्हरमागे किमान १६ कोअर, वर सीएएल, म्हणजे क्लायंटचे परवाने, वेगळे) खरे कशाचे, तर याचे. पण तिथेही लॅबवाल्यांसाठी सापळा आहे: एखादा डीसी ६० दिवसांहून जास्त बंद राहिला की डीएफएसआर इव्हेंट ४०१२ देऊन त्याच्याशी सिंक थांबवतो. शिवाय इव्हॅल्युएशन (चाचणी आवृत्ती) १८० दिवसांचं, आणि डीसी असताना ते पक्क्या लायसन्समध्ये बदलता येत नाही, आधी डिमोट करावा, म्हणजे डीसीपदावरून उतरवावा लागतो. ऑनलाइन मिळणाऱ्या कवडीमोल कीजच्या नादी लागू नये, हे आमचं ठाम मत.

जोडी उभारणाऱ्यांसाठी तीन गोष्टी. प्रॉक्समॉक्सवर (व्हर्च्युअल मशीन, म्हणजे व्हीएम, आणि कंटेनर चालवणारी प्रणाली) अनप्रिव्हिलेज्ड कंटेनर नको. सिक्युरिटी ॲट्रिब्यूट लिहिता येत नाहीत, पूर्ण व्हीएमच घ्या. डेबियनच्या आधीच्या बुकवर्म आवृत्तीवरून ट्रिक्सीवर जाताना सांबा-एडी-डीसी हे पॅकेज वेगळं बसवावं लागतं. रेड हॅटवाल्यांनी मात्र या वाटेला जाऊ नये, त्यांच्या सांबात डीसी मिळतच नाही, फ्रीआयपीए (लिनक्स मशीनसाठीची डोमेनसारखी व्यवस्था) बघावं.

आता पुढचं काम म्हणजे क्रोनी या वेळ जुळवणाऱ्या सेवेकडून क्लायंटना सही केलेली वेळ देणं. त्या सहीसाठीच्या एनटीपी-साइनडी फोल्डरचा ग्रुप अंडरस्कोअर-क्रोनी आणि मोड ७५० करून ठेवलाय. क्लायंटवर डब्ल्यू३२टीएम ही विंडोजची वेळेची कमांड स्रोत म्हणून डीसी दाखवते की नाही, ते पुढच्या नोंदीत.